इंग्लंडमधील बंद पडलेल्या पबचे, स्वयंसेवकांच्या मदतीने, हस्तकलेचे दुकान कसे करावे?

आपण लिहिले आहे की इंग्लंडमध्ये आपण राहता त्या गावातील जुना पब बंद पडला आहे, मालक तो विकायला तयार आहे, गावातील वीसेक माणसे विनामोबदला राबायला तयार आहेत आणि तेथे आसपासच्या कारागिरांच्या वस्तू विकणारे दुकान काढण्याचा सर्वांचा विचार आहे; तर सुरुवात कोठून करावी, या माणसांना कोणती कामे द्यावीत आणि एकूण किती काळ लागेल, असे आपले प्रश्न आहेत. डर्बीशायरमधील एका गावात अशाच कामात मी पहिल्यापासून होते आणि आजही त्या दुकानाच्या समितीवर आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. अशा कामात पैशाच्या आधी माणसांचा उत्साह संपतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कष्टांना लोक भीत नाहीत. सामान आले नाही म्हणून ताटकळत बसावे लागले, किंवा मन लावून केलेले काम पुढच्या महिन्यात उखडावे लागले, की मात्र ते पुन्हा येत नाहीत. त्यामुळे कोणाचाही शनिवार वाया जाणार नाही अशा क्रमाने कामे लावणे, हेच आपले मुख्य काम आहे.

अगदी आधी एक गोष्ट तपासा. गावात तो एकुलता एक पब असेल आणि लोकांना तो पब म्हणूनच हवा असेल, तर तसा वाचवता येतो का, याचा विचार मनापासून व्हायला हवा. गावकऱ्यांच्या मालकीचे पब आणि दुकाने उभी करायला प्लंकेट यूके ही संस्था मदत करते. १९१९ पासून तिचे काम चालू आहे. त्यांच्याशी बोलल्याने काही बिघडत नाही, आणि हा प्रश्न पुढे परवानगीच्या वेळी विचारला जाणारच असतो.

कारण परवानगी लागतेच. मे २०१७ पूर्वी इंग्लंडमध्ये पबचे दुकान करायला साधारणतः प्लॅनिंगची, म्हणजे जागेचा वापर बदलण्याची, परवानगी लागत नसे, आणि त्याच वाटेने अनेक पबांची छोटी सुपरमार्केटे झाली. २३ मे २०१७ पासून ही मुभा काढून घेण्यात आली. सप्टेंबर २०२० पासून दुकाने ‘क्लास ई’ या वर्गात मोडतात आणि पब कोणत्याही वर्गात न बसणारा स्वतंत्र वापर मानला जातो, म्हणून वापर बदलण्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. गाव पीक डिस्ट्रिक्टसारख्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असेल, तर हा अर्ज काउन्सिलऐवजी (स्थानिक प्रशासनाऐवजी) उद्यानाच्या प्राधिकरणाकडे जातो. छोट्या अर्जाच्या निर्णयाची मुदत आठ आठवड्यांची असली, तरी त्याआधीच्या तयारीला त्याहून जास्त वेळ लागतो. पब म्हणून चालवण्याचा पुरेसा प्रयत्न झाला होता का, विक्रीची जाहिरात किती काळ होती, जुने हिशोब काय सांगतात, पुढचा पब किती अंतरावर आहे, हे सारे कागदोपत्री दाखवावे लागते. ही कागदपत्रे मालकाकडून सौदा पक्का होण्यापूर्वीच मागून घ्यावीत, कारण सौदा झाल्यावर त्याचे त्यातील लक्ष उडते.

मालक दुसऱ्या कोणाला विकेल अशी भीती असल्यास २०११ च्या लोकलिझम ॲक्टखाली ही वास्तू ‘ॲसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’ (गावाच्या दृष्टीने मोलाची वास्तू) म्हणून नोंदवून घेण्याचा अर्ज काउन्सिलकडे करता येतो. तशी नोंद झाल्यावर मालकाला विक्रीचा इरादा कळवावा लागतो, आणि गावातील गटाने सहा आठवड्यांच्या आत रस दाखवल्यास पैसे उभे करायला एकूण सहा महिन्यांची मुदत मिळते. मालकाने विकायचे आपल्यालाच, असे बंधन मात्र यातून येत नाही. वकिलाला मालकीहक्काची कागदपत्रे बारकाईने वाचायला सांगा. पब कंपन्या इमारत विकताना ‘येथे पुन्हा पब चालवू नये’ अशी अट बऱ्याचदा घालून ठेवतात. ती आपल्याला अडचणीची नाही, पण जुन्या खरेदीखतांत इतरही बंधने दडलेली असतात.

इमारत ‘लिस्टेड’, म्हणजे जतनासाठी सरकारी यादीत नोंदलेली, आहे का, हे पहिल्याच आठवड्यात पाहा. असल्यास वेगळी संमती लागते, आणि ती आतल्या भागालाही लागू असते. काउंटर, बाकांच्या पाठी, लाकडी पडद्या, कोरीव काचा यांपैकी काहीही संमतीशिवाय काढले, तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. ‘आम्हाला माहीत नव्हते’ हा बचाव तेथे चालत नाही, आणि हातोडा स्वयंसेवकाने मारला होता हेही कोणी ऐकून घेत नाही. ‘कॅमरा’ ही १९७१ मध्ये स्थापन झालेली बिअरप्रेमींची संघटना जुन्या पबांच्या उल्लेखनीय अंतर्भागांची यादी ठेवते. लिस्टेड नसलेल्या इमारतीतही त्या यादीत आपला पब आहे का ते बघावे. असला, तर काय जपायचे ते आपोआप कळते.

गटाचे कायदेशीर स्वरूपही याच काळात ठरवा. आम्ही ‘कम्युनिटी बेनिफिट सोसायटी’ (लोकहितासाठी चालणारी, सभासदांच्या मालकीची संस्था) निवडली, आणि मी तीच सुचवीन. २०१४ च्या कायद्याखालील या सोसायटीत लोकांना भाग (शेअर) विकून भांडवल उभे करता येते, आणि कोणाचे भाग कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला मत एकच असते. ज्याने थोडे पैसे घातले पण भिंती खरवडल्या, त्याचा आणि ज्याने मोठी रक्कम दिली त्याचा शब्द सारखाच राहतो. स्वयंसेवकांच्या बळावर उभ्या राहणाऱ्या कामात ही समता फार मोलाची आहे.

आता इमारत. किल्ली हातात आली की सगळ्यांना बोलावून साफसफाईचा दिवस लावण्याचा मोह होतो. तो आवरा. २००० पूर्वी बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या कोणत्याही इमारतीत ॲसबेस्टॉस असू शकते, कारण ब्रिटनमध्ये त्यावर संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. पबमध्ये ते छतावरच्या नक्षीदार आर्टेक्स लेपात, जुन्या फरशांखाली, पाइपांच्या वेष्टनात आणि स्वयंपाकघराच्या पत्र्यामागच्या तक्त्यांत सापडते. तोडफोडीपूर्वी तज्ज्ञाकडून त्याची खास पाहणी करून घेणे बंधनकारक आहे; तिचा अहवाल येईपर्यंत एकही खिळा ठोकू नये. जुन्या तैलरंगात शिसे असते, म्हणून असा रंग कोरडा घासू नये, ओला करूनच काढावा. माळ्यावर वटवाघळे असतील तर त्यांच्या वस्तीला धक्का लावणे कायद्याने गुन्हा आहे, आणि तसा संशय असल्यास छपराचे काम ठरवण्याआधी त्यांची पाहणी करावी लागते. तळघरात बिअरसाठी वापरलेले कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर राहिले असतील, तर पुरवठादाराला बोलावून ते आधी हलवा. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. हवा खेळती केल्याशिवाय कोणीही खाली उतरू नये, आणि एकट्याने तर मुळीच नाही.

विम्याबद्दल थोडक्यात सांगते. रिकाम्या इमारतीचा विमा वेगळा असतो आणि त्याच्या अटी कडक असतात. ‘पब्लिक लायबिलिटी’च्या (बाहेरच्या लोकांना झालेल्या इजेच्या) पॉलिसीत स्वयंसेवकांना होणारी इजा धरलेलीच असेल असे नाही, ‘एम्प्लॉयर्स लायबिलिटी’मध्ये (काम करणाऱ्यांना झालेल्या इजेच्या विम्यात) स्वयंसेवकांचा स्पष्ट उल्लेख करून घ्या, आणि शिडीवर किती उंचीपर्यंत चढता येईल तेही लेखी विचारा.

कामांची वाटणी करताना आमची कसोटी साधी होती: चुकले तर काय होईल? वीज, गॅस, छप्पर, भार वाहणाऱ्या भिंती आणि आगीपासून बचावाची व्यवस्था ही कामे पैसे देऊन परवानाधारकांकडूनच करून घ्यावीत. गॅसचे काम ‘गॅस सेफ’ या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या माणसाशिवाय कोणालाही करता येत नाही. उरलेले काम काही थोडे नसते. राडारोडा उचलणे, गटारे आणि पन्हाळी साफ करणे, धुणे, खरवडणे, रंगवणे, फळ्या बसवणे, बाक दुरुस्त करणे, अंगण लावणे, जुन्या नोंदी आणि छायाचित्रे जमवणे, अनुदानाचे अर्ज लिहिणे, हिशोब ठेवणे, आणि चहा. चहाला मी मुद्दाम कामांत धरते, कारण ज्या शनिवारी अकरा वाजता गरम चहा आणि केक मिळाला, त्या दिवशी माणसे चार वाजेपर्यंत थांबली.

यात एक जागा अशी आहे जी उत्साहावर सोडता येत नाही. लग्नघरात कितीही माणसे राबली तरी कोठीघराच्या किल्ल्या एकीच्याच कमरेला असतात. तसा येथे एक माणूस लागतो, ज्याला शुक्रवारी संध्याकाळी ठाऊक असते की उद्या कोण येणार, कोणत्या खोलीत काय करणार, सामान आले आहे का, आणि पाऊस पडला तर त्यांना काय द्यायचे. या माणसाला थोडे तरी मानधन मिळेल अशी तजवीज अंदाजपत्रकातच करा. बाकीच्यांना मात्र प्रत्यक्ष झालेल्या खर्चापलीकडे काही देऊ नका. प्रवासखर्चाच्या पावत्या घ्या आणि तेवढेच भरा. ठरावीक भत्ता देऊ लागलात, तर कायद्याच्या नजरेत ते कामगार ठरू शकतात आणि किमान वेतनाचा प्रश्न उभा राहतो.

आपल्या मराठी मंडळींसाठी एक वेगळी सूचना. भारतातून मुलांकडे आलेले आईवडील अशा कामात हौसेने हात लावायला येतात, आणि त्यांच्यातील निवृत्त अभियंते किंवा शिवणकामात मुरलेल्या बायका म्हणजे खरा आधार असतो. परंतु व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा करायची तर ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठीच असावी लागते आणि एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. आपली सोसायटी तशी नोंदलेली नसेल, तर त्यांना गप्पांना जरूर बोलवा, पण कामाच्या यादीत त्यांचे नाव घालू नका. विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या अटीही त्यांच्या विद्यापीठाकडून आधी तपासून घ्या.

प्रत्येकाने केलेल्या तासांची नोंद दारापाशी ठेवलेल्या वहीत व्हायला हवी. नॅशनल लॉटरी हेरिटेज फंडसारख्या अनुदानदात्यांकडे स्वयंसेवकांचा वेळ हा गटाने घातलेला वाटा म्हणून दाखवता येतो, आणि आगीच्या वेळी आत कोण होते हेही त्याच वहीवरून कळते. शिवाय दुरुस्तीच्या कामावर ठेकेदाराच्या बिलात २० टक्के व्हॅट लागतो; स्वयंसेवकाच्या श्रमावर तो लागत नाही. हा फरक अंदाजपत्रकात ठळकपणे दिसतो.

प्रत्यक्ष कामात ओलीने सुरुवात करा. जुन्या दगडी पबांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात आणि त्यांवर विसाव्या शतकात कोणीतरी सिमेंटचा गिलावा चढवलेला असतो. पाणी आत शिरते, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. वाई किंवा पुण्यातील जुन्या वाड्यांवर सिमेंट फासल्यावर जे होते, तेच येथे होते, फक्त येथील थंडीत ते सुकायला अधिक वेळ लागतो. आधी पन्हाळी दुरुस्त करा, बाहेरची चढलेली जमीन खाली घ्या, सिमेंट काढा आणि भिंत उघडी ठेवा. जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक महिना, असा सुकण्याचा ढोबळ हिशोब कारागीर सांगतात. अर्ध्या मीटरच्या भिंतीला तो लावून पाहिला म्हणजे घाई का चालत नाही ते लक्षात येते. त्यानंतरचा चुन्याचा गिलावा स्वयंसेवकांना जमतो, पण शिकवणारा गवंडी शेजारी उभा हवा. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली ‘स्पॅब’ ही जुन्या इमारतींसाठी काम करणारी संस्था असे शिक्षण देते, आणि हौशी माणसांना प्रत्यक्ष कामावर नेणारी तिची शिबिरे होतात. हातकारागिरीची बाजू आयुष्यभर मांडणाऱ्या माणसाच्या संस्थेकडून हस्तकलेच्या दुकानाच्या भिंती शिकून घेता याव्यात, याचा मला वैयक्तिक आनंद झाला होता. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून चष्मा आणि डोळे धुण्याचे पाणी हाताशी ठेवावे. तापमान ५ अंशांखाली जात असेल तेव्हा हे काम करू नये. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर हाच त्याचा हंगाम.

खोल्यांचे छत आतून धुण्या-रंगवण्याचे काम नवख्या माणसांना शिकण्यासाठी उत्तम असते. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पर्यंत पबमध्ये धूम्रपान चालत असे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा तो धूर छताला चिकटलेला असतो. ॲसबेस्टॉस नाही अशी खात्री झाल्यावर आम्ही सोड्यासारख्या ‘शुगर सोप’च्या पाण्याने छत धुवायला घेतले. पहिला स्पंज फिरला तेथे साय घातलेल्या चहाचा रंग जाऊन फिकट पिवळा पट्टा उमटला, आणि बादलीतले पाणी मधासारखे तपकिरी झाले. इतके धुऊनही थेट पांढरा रंग लावला तर डाग पुन्हा वर येतात. म्हणून मध्ये लाखेवर आधारलेला, डाग अडवणारा प्रायमर द्यावा लागतो. तो छतापुरताच ठेवा. बाहेरच्या चुन्याच्या भिंतींना दिला तर त्यांचा श्वास पुन्हा कोंडतो.

काउंटर काढू नका, लिस्टेड नसला तरी. त्यावर ग्लासांनी उमटलेली वर्तुळे, खालची पाय टेकायची पितळी नळी, फळीखाली कोट अडकवायचे आकडे, यांमुळे गावातील वयस्क माणसे पुन्हा आत येतात आणि कोण कोठे बसत असे ते सांगत उभी राहतात. गल्ल्यासाठी आणि वस्तू बांधून द्यायला ती जागा उत्तम ठरते. उंची मात्र व्हीलचेअरवरील गिऱ्हाइकाला अडचणीची असते, आणि २०१० च्या समानता कायद्यानुसार योग्य ती सोय करणे दुकानावर बंधनकारक आहे. काउंटर न कापता त्याला लागून एक ठेंगणे टेबल ठेवले की काम भागते. जुन्या स्वच्छतागृहांना पाणी आणि निचरा आयताच असतो, तेथे मातीकाम किंवा कापडरंगणीची खोली छान होते. बिअरची पिंपे उतरवायचे तळघर कोरडे दिसले तरी तेथे कापड, कागद किंवा लोकर ठेवू नका. वरच्या मजल्यावर पबचालकाचे घर असेल, तर ते वेगळे भाड्याने देण्यासाठी परवानगी आणि आगरोधक विभाजन लागेल. पण दुकानाच्या मंदीच्या महिन्यांत तेच भाडे इमारत सांभाळते, म्हणून हा खर्च मी टाळणार नाही.

दुकानाविषयी आपण कमी विचारले आहे, तरी काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. माल विकत घेऊन ठेवण्याऐवजी कारागिराच्या मालकीचाच ठेवून विक्रीनंतर कमिशन घेणे सुरुवातीला सुरक्षित असते. अशा दुकानांत ते बहुधा ३० ते ५० टक्के असते. महिन्यातून ठरावीक वेळ काउंटरवर बसणाऱ्या कारागिराकडून कमी घ्यावे. हाताने केलेल्या वस्तूलाही नियम लागू होतात: खेळण्यांवर सुरक्षिततेचे चिन्ह हवे, सुगंधी मेणबत्त्यांवर इशाऱ्याची चिठ्ठी हवी, साबणाला सौंदर्यप्रसाधनाचा सुरक्षा अहवाल हवा, आणि ७.७८ ग्रॅमपेक्षा जड चांदीचा किंवा १ ग्रॅमपेक्षा जड सोन्याचा दागिना हॉलमार्कशिवाय चांदीचा किंवा सोन्याचा म्हणून विकता येत नाही. हे सारे कारागिराशी होणाऱ्या करारातच लिहून घ्या. दराची चिठ्ठी लावताना शेजारी वस्तू कोणी, कशाची आणि कशी केली याच्या दोन ओळी लिहा. आमच्याकडे वेताच्या टोपल्या नुसत्या मांडल्या होत्या तेव्हा लोक किंमत पाहून पुढे जात; टोपलीवाल्या बाईंनी काउंटरजवळ बसून विणायला सुरुवात केल्यावर त्याच टोपल्या त्याच किमतीला गेल्या.

हे दुकान केवळ शोभेचे नाही, हे मला मनापासून वाटते. ब्रिटनमधील हेरिटेज क्राफ्ट्स संस्थेने २०१७ मध्ये धोक्यातील हस्तकलांची पहिली यादी काढली, तेव्हा चार कला नामशेष म्हणून नोंदल्या गेल्या, आणि त्यांत हाताने क्रिकेटचे चेंडू शिवण्याची कला होती. मेरठ आणि जालंधरमध्ये आजही हजारो हात जे करतात, ते ज्या देशात हा खेळ जन्मला तेथे करणारे कोणी उरले नव्हते. गावातल्या कारागिराला माल ठेवायला एक कायमची जागा मिळाली तर त्याचा धंदा टिकतो, आणि शिकायला येणारे कोणी भेटण्याची शक्यताही वाढते.

करांबाबत दोनच आकडे लक्षात ठेवा. इमारतीचे पट्टीसाठी धरलेले करपात्र मूल्य (‘रेटेबल व्हॅल्यू’) १२,००० पौंडांपर्यंत असेल आणि गटाकडे तेवढीच जागा असेल, तर व्यवसायपट्टी पूर्ण माफ होऊ शकते. पबचे मूल्य त्याच्या धंद्यावरून काढलेले असते, म्हणून वापर बदलताच फेरमूल्यांकन मागा. व्हॅटच्या नोंदणीसाठी वर्षाच्या विक्रीची मर्यादा ९०,००० पौंड आहे.

राहिला प्रश्न वेळेचा. शक्य असेल तर शरदात ताबा घ्या. हिवाळा पाहणी, अर्ज, भाग-विक्री आणि पन्हाळींत घालवा. एप्रिलपासून गिलावा उघडून भिंती सुकू द्या आणि त्या काळात लोकांना छत, लाकूडकाम, अंगण यांत गुंतवा. अशा दुकानाची सर्वांत मोठी विक्री नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये होते, म्हणून पहिल्या वर्षी सगळी इमारत तयार करण्याचा हट्ट न धरता रस्त्याकडची एकच खोली पूर्ण करून नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडा आणि मागच्या भिंतींना दुसरा उन्हाळा मिळू द्या. राबलेल्या माणसांना आपल्या हातचे काम गिऱ्हाइकांनी भरलेले दिसते, आणि जानेवारीत त्यांना पुन्हा बोलावताना फारसे समजवावे लागत नाही. आपला पब लिस्टेड आहे की नाही आणि भिंती दगडाच्या आहेत की विटांच्या, हे कळवलेत तर गिलाव्याच्या क्रमाविषयी अधिक नेमके लिहू शकेन.